काटा कुणाच्या हाती

परळीच्या थर्मलला, म्हणजे औष्णिक वीज केंद्राला, कोळशाची जी मालगाडी येते ती साधारण साडेतीन ते चार हजार टनांची असते. त्या अख्ख्या गाडीचा भाव अखेर ठरतो ग्रॅमभर भुकटीवर. खाणीजवळ गाडी भरली, की ठरावीक डब्यांतून नमुना काढतात. तो फोडतात, ढीग करतात, ढिगाचे चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकून देतात. उरलेलं पुन्हा फोडायचं, पुन्हा वाटे, पुन्हा निम्मं बाहेर. असं करत करत शेवटी मैद्यासारखी पूड हाती राहते, २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून पडणारी. त्यातली ग्रॅमभर पूड बाँब कॅलरीमीटर नावाच्या जाड पोलादी भांड्यात, प्राणवायूच्या दाबाखाली जाळतात आणि भोवतालच्या पाण्याचं तापमान किती चढलं ते मोजतात. त्यावरून निघतो उष्मांक, उष्मांकावरून प्रत आणि प्रतीवरून पैसे.

शास्त्र म्हणून यात काही चूक नाही. भारतीय मानक ४३६ मध्ये नमुना कसा काढावा हे बारकाईने लिहिलेलं आहे. भांडण वेगळं आहे. फावडं कुणाच्या हातात होतं? डब्याच्या वरच्या थरातलं घेतलं की खोलवरचं? त्या वेळी खरेदीदाराचा माणूस तिथे उभा होता का, आणि उभा असला तरी तो कुणाचा होता?

परळी वैजनाथ हे नाव बाहेरच्या माणसाला ज्योतिर्लिंगामुळे माहीत असतं. गावाकडे येताना मात्र आधी दिसतात त्या थर्मलच्या चिमण्या आणि राखेने करडी झालेली झाडं. १९७१ मध्ये इथे ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. ते सगळे आता निवृत्त झालेत. आज उभे आहेत ते २५० मेगावॅटचे तीन, म्हणजे संच ६, ७ आणि ८. एकूण ७५० मेगावॅट. मालक राज्य सरकारची महानिर्मिती. कोळसा येतो तो लांबून: वणी-चंद्रपूरकडच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, खाणींतून, तेलंगणातल्या सिंगरेणीहून, कधी त्याहीपलीकडून. पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून आणि माजलगाव धरणातून. फेब्रुवारी २०१३ च्या दुष्काळात पाणीच नव्हतं म्हणून सगळं केंद्र बंद पडलं, २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. पावसाशी करार करता येत नाही. कोळशाचं तसं नाही. कोळशाचा करार असतो, चांगला जाडजूड.

आकडा मांडून पाहू. २५० मेगावॅटचा एक संच चोवीस तास पूर्ण भाराने चालला तर ६० लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण २,४५० किलोकॅलरी उष्णता लागते असं धरलं, आणि कोळसा किलोला ४,१०० किलोकॅलरीचा असला, तर दिवसाला सुमारे ३,६०० टन पुरतो. तोच कोळसा ३,५०० किलोकॅलरीचा निघाला तर लागतात ४,२०० टन. प्रतीच्या भाषेत हा फरक जी-११ आणि जी-१३ इतकाच, म्हणजे दोन पायऱ्यांचा. पण रोज ६०० टन जादा आणायचे, उतरवायचे, दळायचे. त्यांचं रेल्वेभाडं चांगल्या कोळशाइतकंच. त्यात ४० टक्के राख धरली तर एकट्या त्या संचातून दिवसाला १,६०० टनांहून जास्त राख निघते, ती परळीच्या आजूबाजूच्या गावांच्या शिवारात साठवायची.   त्या राखेचा एक हिस्सा खाणीवरच्या फावड्यापासून सुरू होतो.

आणि वाईट कोळशाचा फटका केवळ महानिर्मितीच्या ताळेबंदाला बसत नाही. राज्यात कुठला संच चालवायचा आणि कुठला थांबवायचा हे राज्य भार प्रेषण केंद्र ठरवतं, आणि ठरवताना पाहतं ते युनिटमागचा बदलता खर्च. स्वस्त वीज आधी, महाग नंतर. या यादीला सगळे 'मेरिट ऑर्डर' म्हणतात. परळी खाणींपासून दूर, म्हणून भाडं जास्त. त्यात कोळसा हलका निघाला की परळीची वीज यादीत आणखी खाली जाते. मागणी कमी झाली की संच बंद ठेवायचा आदेश येतो. संच बंद म्हणजे कंत्राटी कामगारांचे हजेरीचे दिवस कमी, गेटासमोरच्या हॉटेलांचा चहा कमी, ट्रकवाल्यांच्या खेपा कमी. कॅलरीमीटरमधला आकडा असा गावात फिरतो.

आता पुरवठादाराकडे वळू. देशात कोळशाचं राष्ट्रीयीकरण १९७१-७२ आणि १९७३ मध्ये दोन टप्प्यांत झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. तेव्हापासून कित्येक दशकं वीज केंद्रासमोर निवड अशी नव्हतीच. अमुक केंद्राला अमुक खाणीचा कोळसा हे दिल्लीत ठरायचं. २००७ च्या नव्या कोळसा वाटप धोरणानंतर इंधन पुरवठा करार आले. त्यात वर्षाचं प्रमाण ठरलं, त्यापेक्षा फार कमी कोळसा दिला तर पुरवठादाराला दंड, उचलला नाही तर खरेदीदाराला दंड, असं सगळं कागदावर आलं. मात्र कराराचा मसुदा तयार करणारा पक्ष एकच होता.

१ जानेवारी २०१२ पासून प्रतवारीही बदलली. पूर्वी राख आणि ओलावा मोजून सूत्राने 'उपयुक्त उष्णता' काढत आणि ए ते जी अशा प्रती लावत. त्या जागी प्रत्यक्ष उष्मांकावर आधारलेल्या सतरा प्रती आल्या, ३००-३०० किलोकॅलरींच्या. बदल योग्यच होता. पण पायऱ्या बारीक झाल्या तसं एकेका पायरीवरचं भांडणही बारीक आणि रोजचं झालं.

भांडण न्यायासनापुढे नेलं ते महाराष्ट्राने. २०१२ मध्ये महानिर्मितीने कोल इंडिया आणि तिच्या महानदी कोलफिल्ड्स व वेकोलि या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. गुजरातच्या वीज कंपनीचीही तशीच तक्रार होती. एक सरकारी कंपनी दुसऱ्या सरकारी कंपनीविरुद्ध मक्तेदारीच्या कायद्याखाली उभी राहते, हे आपल्याकडे क्वचितच घडतं. तक्रारीतले मुद्दे वाचले तर ते अगदी हातगाडीवरच्या गिऱ्हाईकाचे वाटतात: नमुना तुम्हीच काढता, तुम्हीच तपासता, कोळशात दगड येतात, कराराच्या अटी तुम्ही एकतर्फी ठरवता आणि आम्हाला सही करण्यावाचून गत्यंतर नाही. दगड हा शब्द इथे अलंकारिक नाही. २५० मिलिमीटरपेक्षा मोठ्या दगडांचं काय करायचं, त्यांची भरपाई कशी, यावर करारात कलमं असतात, आणि ती कलमं कुणाच्या सोयीची आहेत यावरच वाद होता.

९ डिसेंबर २०१३ रोजी आयोगाने निकाल दिला. वर्चस्वाचा गैरवापर झाला असं ठरवून कोल इंडियाला १,७७३.०५ कोटी रुपये दंड ठोठावला. करारात बदल करा, आणि नमुना गाडी उतरते त्या टोकालाही घेता येईल का ते वीज कंपन्यांशी बोलून तपासा, असंही सांगितलं. दंडाचा आकडा वर्तमानपत्रांच्या मथळ्यात गेला. माझ्या मते महत्त्वाचं होतं ते हे दुसरं वाक्य. पुढे २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर तो आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं. २४ मार्च २०१७ रोजी आयोगाने नव्याने आदेश दिला, तेव्हा दंड ५९१.०१ कोटींवर आला होता. आम्ही नफ्यासाठी नाही, राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याखाली लोकहितासाठी काम करतो, म्हणून स्पर्धा कायदा आम्हाला लागू नाही, असं कोल इंडियाचं म्हणणं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२३ रोजी फेटाळलं. तक्रारीपासून या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत अकरा वर्षं. परळीच्या डबे उलटवणाऱ्या टिप्लरवर या काळात किती गाड्या पालथ्या झाल्या असतील याचा हिशेब वाचकांनी करावा.

खटला चालू असतानाच एक चांगली गोष्ट घडली. २०१६ पासून धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेला, म्हणजे सिंफरला, तिऱ्हाईत म्हणून नेमण्यात आलं. खाण, वीज केंद्र आणि सिंफर असा तिघांचा करार. नमुन्याचे चार भाग होतात. एक सिंफर तपासते, एक पुरवठादाराला, एक खरेदीदाराला, आणि चौथा मोहोरबंद करून ठेवतात; वाद झाला तर तो पंचांच्या प्रयोगशाळेत जातो. बिल आधी खाणीच्या जाहीर प्रतीने निघतं, निकाल आल्यावर कमी-जास्तीची नोट निघते. २०१८ मध्ये कोळसा मंत्रालयाने 'उत्तम' नावाचं ॲप आणलं. कुठल्या खाणीचा कोळसा जाहीर प्रतीला उतरला आणि कुठला घसरला, हे त्यात कुणालाही पाहता यावं असा हेतू. पुरवठादाराचं प्रगतिपुस्तक चव्हाट्यावर लावायचा देशातल्या एवढ्या मोठ्या धंद्यातला हा पहिलाच गंभीर प्रयत्न म्हणायला हरकत नाही.

मग विश्वास आला का? थोडा आला. पण मोजमाप खाणीच्या टोकाला आणि जाळायचं परळीच्या टोकाला. मधल्या प्रवासात पाऊस लागतो, ओलावा वाढतो. नंतर ढिगात पडून कोळसा स्वतःच तापतो, झिजतो. साठ्यातली ही घट वीज नियामक आयोगही मान्य करतो, पण मर्यादेपर्यंतच. केंद्रीय आयोगाच्या २०१९ च्या नियमांत ती किलोला ८५ किलोकॅलरी होती. त्यापलीकडची घट ग्राहकाच्या बिलात घालता येत नाही, ती कंपनीने सोसायची. म्हणजे खाणीवर एक आकडा, उतरताना दुसरा, बंकरमध्ये तिसरा. या तीन आकड्यांमध्ये जे हरवतं ते निसर्गाने नेलं की माणसाने, हे सांगणारा तिऱ्हाईत सगळ्या टोकांना असायला हवा.

आणि माणसाने नेण्याचे मार्ग खरेदीदाराच्या घरातूनही जातात. खाणीवर आपल्या वतीने लक्ष ठेवायला, गाडी वेळेवर भरून घ्यायला, प्रत पाहायला महानिर्मिती निविदा काढून समन्वयाच्या कंपन्या नेमत असे. धंद्यात त्यांना 'लायझनिंग'वाले म्हणतात. त्या निविदांमध्ये तीन कंपन्यांनी आपसात संगनमत करून दर भरले, असा निष्कर्ष स्पर्धा आयोगाने जानेवारी २०१८ मध्ये काढला आणि त्यांना दंड केला. पुरवठादारावर नजर ठेवायला नेमलेले डोळेच स्वतः पुरवठादार असतात, त्यांचंही मोजमाप लागतं, हे या प्रकरणाने दाखवलं. कोल इंडियाच्या खटल्याइतकी त्याची चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती.

खरेदीदाराच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर हा लेख थर्मलच्या जनसंपर्क खात्याचा वाटेल. रेल्वेची गाडी उतरवायला ठरावीक फुकट वेळ मिळतो. टिप्लर नादुरुस्त, कोळसा ओला होऊन डब्याला चिकटलेला, किंवा एकामागे एक दोन-तीन गाड्या आल्या, की वेळ उलटतो आणि डॅमरेज सुरू होतं. हा दंड कोळशाच्या प्रतीचा नाही, आपल्या स्वतःच्या कामाचा आहे. दुसरं, पैसे. महावितरण थकवते म्हणून महानिर्मिती थकवते, महानिर्मिती थकवते म्हणून कोळसा कंपनी गाड्या आखडते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशभर कोळशाची टंचाई झाली तेव्हा वीज केंद्रांकडे किती दिवसांचा साठा आहे यावर रोज बातम्या येत. कुणी किती दिवस पैसे थकवले होते यावर कमी. जो वेळेवर पैसे देत नाही त्याने दगड मोजायला बसावं, हे पुरवठादाराला पटत नाही. पटणारही नाही.

पुरवठादाराला मोजायची रीत दुसरीकडे वेगळी आहे. पुण्याजवळ चाकणला वाहन कारखान्यांसाठी सुटे भाग बनवणारे शेकडो आहेत. तिथे दर महिन्याला पुरवठादाराला गुण मिळतात: दहा लाख भागांत सदोष किती, माल ठरल्या तासाला आला का, भाव किती उतरवला. गुण घसरले तर पुढची ऑर्डर शेजारच्या कारखान्याला. व्यवस्थापनाची पुस्तकं पुरवठादाराच्या मूल्यमापनाबद्दल जे सांगतात ते बहुतेक या चाकणच्या जगाबद्दल असतं. व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्यिच यांनी १९८३ मध्येच बजावून ठेवलं होतं की सगळे पुरवठादार एका मापाने मोजू नका. जिथे माल मोक्याचा आणि विकणारे मोजके, तिथे वागणं वेगळं लागतं. परळीच्या थर्मलला वेकोलिला नापास करून दुसरीकडे जाता येत नाही. गुणपत्रिका आहे, वर्ग बदलायची सोय नाही. महानिर्मितीला २०१५ मध्ये छत्तीसगडमधली गारे पेलमा सेक्टर-२ ही स्वतःची खाण मिळाली ती याच अडचणीवरचं उत्तर म्हणून. त्या खाणीसाठी जंगल तोडण्याला तिथल्या गावकऱ्यांचा विरोध आहे, हा त्या उत्तराचा खर्च.

तिऱ्हाईताची कल्पना मात्र आपल्याला धनबादने शिकवलेली नाही. परळीच्या मोंढ्यात ती रोज चालते. शेतकरी सोयाबीन घेऊन आला, की माल आडत्याच्या दारात उतरतो, बोली लागते. वजन करतो तो बाजार समितीचा परवाना असलेला मापाडी. तो ना शेतकऱ्याचा, ना व्यापाऱ्याचा. ही व्यवस्था कुणाच्या चांगुलपणातून आलेली नाही. १८८६ मध्ये कारंज्याला कापसाचा नियमित बाजार बसवला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस-धान्य बाजाराचा कायदा झाला, त्यामागे इंग्लंडच्या गिरण्यांना बिनभेसळीचा कापूस हवा होता हे एक मोठं कारण होतं. परळी तेव्हा निजामाच्या राज्यात होती; हैदराबादचा बाजार कायदा १९३० मध्ये आला. तोवर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची हत्ता पद्धत सर्रास होती. ज्याचा माल त्यालाच भाव कळू नये अशी. १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने उघड लिलाव आणि परवानाधारक तोलणार पक्के केले. मोंढ्यात सगळं आलबेल आहे असं कुणी म्हणणार नाही. पण माप घेणारा हात वेगळा असावा, हे तत्त्व तिथल्या हमालालाही कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हे तत्त्व नेमकं जिथे मोडतं ती जागा परळीपासून फार दूर नाही. साखर कारखान्यात ऊस घेणारा कारखाना, काटाही कारखान्याचा, साखरेचा उतारा काढणारी प्रयोगशाळाही कारखान्याचीच. थर्मल जी तक्रार घेऊन दिल्लीला गेलं तीच ही तक्रार, बाजू फक्त उलटी. तिथे खरेदीदार दुबळा, इथे पुरवठादार. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरली होती, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. साठ टन ऊस घातलेल्या शेतकऱ्याला उताऱ्यातल्या एका दशांशाचा अर्थ दोन हजारांच्या वर होतो. त्याच्या स्वतःच्या फडाचा उतारा त्याला कधी कळत नाही. कळतो तो कारखान्याचा सरासरी. त्याच्या नमुन्याचा मोहोरबंद चौथा भाग कुणी ठेवत नाही.

शिवाय त्याच काट्यावर आणखी एकाचं पोट असतं. बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर जे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यांची मजुरी टनावर असते. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेल्या कराराने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. पण दर कितीही वाढवा, टन मोजतो तो काटा. काटा मारला तर शेतकऱ्याचा ऊस कमी होतो आणि तोडणाऱ्याची मजुरीही, वाहतूकदाराचं भाडंही. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या जोडप्याने किती टन तोडले आणि किती फिटली, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत. उचल बुडवली म्हणून मुकादमाची तक्रार असते, फिटलेली उचल वहीत चढवली नाही म्हणून मजुराची. दोघेही काही वेळा खरे असतात. या साखळीत सर्वांत खाली असलेल्या पुरवठादाराकडे, म्हणजे स्वतःचे हात पुरवणाऱ्याकडे, आपली अशी एकही पावती नसते.

कायदा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. वैधमापन खात्याची तपासणी असते, हंगामात भरारी पथकं नेमली जातात. पण मला सर्वांत परिणामकारक वाटलं ते साखर आयुक्तालयाने २०२१ मध्ये केलेलं एक साधं काम. त्यांनी कारखान्यांची रंगवार यादी जाहीर केली. एफआरपी वेळेवर देणारे हिरव्यात, वारंवार थकवणारे लाल रंगात. ऊस कुठे घालायचा हे शेतकऱ्याने पाहून ठरवावं म्हणून. कारखानदार नाराज झाले. 'उत्तम' ॲप विकणाऱ्याला मोजतं, या यादीने विकत घेणाऱ्याला मोजलं, आणि आपल्याकडे दुसऱ्या प्रकारची मोजणी फार दुर्मीळ आहे.

महानिर्मितीने हेच करावं. परळीला आलेल्या प्रत्येक गाडीचा खाणीवरचा उष्मांक, उतरतानाचा उष्मांक, निघालेले दगड, भरलेलं डॅमरेज आणि कोळशाच्या बिलाचे पैसे किती दिवसांनी दिले, हे पाच आकडे दर महिन्याला एका तक्त्यात लोकांसमोर ठेवावेत. स्वतःला अडचणीचे असलेले शेवटचे दोनही. स्पर्धा आयोगात जिंकून जे मिळालं नाही ते कदाचित या तक्त्याने मिळेल, कारण पुढच्या वाटाघाटीत समोरच्याला उत्तर द्यावं लागेल.

आणि परळी, अंबाजोगाई, माजलगावच्या ऊस घालणाऱ्या वाचकांना एक सांगणं. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस नाकारू नये, असं साखर आयुक्तालयाने कारखान्यांना कळवलेलं आहे. गळीत सुरू झालं, की निदान पहिली एक गाडी बाहेर तोला, दोन्ही पावत्या जपून ठेवा, आणि त्यातली एक प्रत तुमचा ऊस तोडणाऱ्या जोडप्यालाही द्या.